‘पहिला १ जीबी मॅप केला की झाले’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कर्नलमधून (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातून) एसीपीआय टेबल्स, म्हणजे फर्मवेअरने (यंत्रातल्या बूट करणाऱ्या सॉफ्टवेअरने) मेमरीत ठेवलेले हार्डवेअरच्या माहितीचे तक्ते, वाचण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. बूट होताना मेमरीचा पहिला १ जीबी जसाच्या तसा मॅप करून ठेवला (कर्नल वापरतो तो आभासी पत्ता आणि मेमरीतला भौतिक पत्ता एकच ठेवला) की भौतिक पत्ता थेट वापरता येतो, मग प्रत्येक टेबल वेगळे मॅप करण्याचा खटाटोप कशाला, हा पहिला. आणि आधी टेबलाच्या सुरुवातीचा ३६ बाइटांचा हेडर मॅप करून नंतर पूर्ण टेबल पुन्हा मॅप करणे ही उगाच लांबण आहे, हा दुसरा. आपला कर्नल क्यूएमूवर (संगणकाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) याशिवाय चालतो, असेही आपण लिहिता.

तो चालतो, कारण वेगळे काही सांगितले नाही तर क्यूएमू यंत्राला १२८ एमबी रॅम देतो आणि टेबल्स त्या रॅमच्या वरच्या टोकाला बसतात. ते टोक आपल्या १ जीबीच्या आतच येते. आमच्या आर्वी तालुक्यातली मुले मात्र नागपूरच्या सीताबर्डीतून आणलेल्या जुन्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर कर्नल लिहितात, आणि तिथे टेबल्स बहुधा १ जीबीच्या बऱ्याच पलीकडे असतात.

मग सरसकट ४ जीबी मॅप करू, असे आपण म्हणाल. पण फर्मवेअरने दिलेला मेमरी मॅप (कुठले पत्ते रॅमचे, कुठले राखीव, याची यादी) हा कर्नलचा सातबारा आहे, आणि धुऱ्यापलीकडे नांगर घालण्याआधी तो पाहावा लागतो. त्या ४ जीबीतच पीसीआय उपकरणांची रजिस्टरे असतात. ती रॅमसारखी कॅशसह मॅप झाली तर एक्स८६ (इंटेल-एएमडी) प्रोसेसरवर एमटीआरआर, म्हणजे कुठल्या पत्त्यांना कॅश लागू हे ठरवणारी रजिस्टरे, बहुधा सांभाळून घेतात. एआरएम-६४ प्रोसेसरवर तसा आधार नाही. उलट तिथे टेबलच उपकरणाची मेमरी म्हणून मॅप केले तरी पंचाईत होते: एक्सएसडीटीमधले (बाकी टेबलांच्या पत्त्यांची यादी असलेल्या टेबलातले) ८ बाइटांचे पत्ते ३६व्या बाइटपासून सुरू होतात, ३६ला ८ने भाग जात नाही, आणि अशा मेमरीतले असे वाचन प्रोसेसर अडवतो, म्हणजे फॉल्ट देतो. म्हणून टेबलापुरते, योग्य गुणधर्माचे वेगळे मॅपिंग लागते.

दुसऱ्या आक्षेपाबाबत एवढेच, की टेबलाची लांबी टेबलाच्याच हेडरमध्ये असते. ती वाचल्याशिवाय किती पाने (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) मॅप करायची हे ठरत नाही आणि टेबल बिघडलेले नाही ना हे तपासणारी सर्व बाइटांची चेकसम बेरीजही करता येत नाही. पानाचे शेवटचे १६ बाइट उरले असताना हेडर सुरू झाला तर त्याचे उरलेले २० बाइट पुढच्या पानात जातात, त्यामुळे हेडरसाठीही कधी दोन पाने लागतात. लांबी ३६हून कमी आली तर टेबल तिथेच नाकारावे. पूर्ण टेबल आधीच मॅप झालेल्या पानांत मावत असेल तर ती सोडून पुन्हा मॅप करू नयेत, हे आपले म्हणणे मात्र मला मान्य आहे.

क्यूएमूला ४ जीबी रॅम देऊन आपला कर्नल चालवून पाहावा. पेज फॉल्ट (मॅप न केलेला पत्ता वापरल्याची चूक) आल्यास सीआर-२ या रजिस्टरमधला, म्हणजे फॉल्ट देणारा, पत्ता आरएसडीटीच्या (एक्सएसडीटीच्या ४ बाइटी पत्त्यांच्या जुन्या रूपाच्या) पत्त्याशी ताडून पाहावा. फॉल्ट हँडलर अजून लिहिला नसेल, तर यंत्र नुसते पुन्हा पुन्हा रीबूट होत राहील.