कोजागिरीला दुर्बीण लावू नका

गच्चीवर मसाला दूध आणि शेजारी दुर्बीण, हा बेत ऐकायला झकास. पण चंद्राच्या फोटोसाठी पौर्णिमेइतकी पडेल रात्र नाही. ऊन चंद्रावर थेट आपल्या बाजूने पडतं, सावल्या नाहीशा होतात आणि विवरं सपाट. थाळीत पीठ भुरभुरल्यासारखा चंद्र. टायको विवरापासून फुटलेले पांढरे पट्टे तेवढे छान दिसतात, बाकी काही नाही.

इंदुरात लोकांना चंद्र दाखवायला बोलवायचं तर चैत्र शुद्ध अष्टमी धरा. आपण 22.7 अंश उत्तरेला. त्या दिवसांतला अर्धा चंद्र मिथुनेच्या आसपास असतो, म्हणजे दिवेलागणीला जवळजवळ डोक्यावर. मधली हवा कमी, थरथर कमी. आश्विनातली अष्टमी सुचवणारे भेटतील, पण तेव्हा चंद्र दक्षिणेला खाली असतो, वर गरब्याचे हॅलोजन!

130 मिमी आरशाची, 650 मिमी फोकल लेंथची साधी न्यूटोनियन दुर्बीण पुरते. 25 मिमीच्या आयपीसने (डोळा लावायचं भिंग) 26 पट, 10 मिमीच्याने 65 पट. मोबाइल आयपीसला जोडणारा अडॅप्टर उजेडातच, दूरच्या टॉवरवर रोखून बसवा. कॅमेऱ्याची लेन्स आयपीसच्या मधोमध नसली की एका कडेला काळी कोर येते. झूम करताना फोन गुपचूप दुसऱ्या लेन्सवर उडी मारतो आणि चंद्र गायब होतो, म्हणून मॅन्युअल मोडमध्ये मुख्य लेन्स पक्की करा. 10 मिमीवर आयएसओ 100 आणि शटर 1/250 पासून सुरुवात, मग कमी-जास्त. उजळ बाजू राखाडी दिसली पाहिजे. पांढरीफटक झाली तर तपशील गेला, तो नंतर परत येत नाही. टायमर 3 सेकंदांचा, कारण बोट लागलं की नळी हलते.

खरं तर एका फोटोपेक्षा मिनिटभराचा व्हिडिओ घ्या. पिप (PIPP) या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची एव्हीआय फाइल करून ती ऑटोस्टॅकर्ट (AutoStakkert) या दुसऱ्या सॉफ्टवेअरला द्यायची आणि सर्वांत स्थिर अशा 20-25 टक्के फ्रेम एकावर एक रचायच्या.

चैत्रातली गच्ची मात्र दगा देते. दिवसभर तापलेली फरशी रात्री उष्णता सोडते आणि चंद्र पाण्याखाली ठेवल्यासारखा हलतो. शिवाय कोणी चाललं की तिपाई हादरते. बागेतलं गवत बरं. नळी 40 मिनिटं आधी बाहेर काढून ठेवा, आरसा थंड होऊ द्या.

तेजोमेघाचा (अवकाशातला वायू-धुळीचा ढग) रंगीत फोटो काढून द्या असा आग्रह होईल. मोटार नसलेल्या तिपाईवर तारे सेकंदाला 15 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) सरकतात, फोटोत रेघाच येतात. फोटो न काढता दुर्बिणीतून नीट दाखवायलाही शहराबाहेर, जानापावकडे जावं लागेल.

आणि दुर्बीण एकच असेल तर रांग संपेपर्यंत अडॅप्टर पिशवीतच राहू द्या. चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतका सरकतो, त्यामुळे दर दोन-तीन माणसांमागे तो मध्यावर आणत बसावं लागतं. त्यात मोबाइल लावत बसलात तर मागची पोरं कंटाळणारच. पोरं आयपीसलाच लोंबकळतात, म्हणून त्यांना हाताने धरता यावी अशी एक खुर्ची, तिची पाठ त्यांच्याकडे करून, जवळ ठेवा.