पक्षाने काय फरक पडतो म्हणे!

आज सकाळी म्हापशाला पातळभाजी-पाव खात होतो. समोर पुतण्या. म्हणतो, "काका, सरकार कुणाचंही येऊ दे, इकॉनॉमी आपल्या गतीने चालते. विचारसरणी वगैरे भाषणापुरती." पाव घशातच अडकला माझा.

अरे, तू वाढलास ते घर कुणाच्या जागेत होतं, कधी विचारलंस? भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या. तुझी आजी त्यांची मुंडकार, म्हणजे त्यांच्या जागेत घर करून राहणारी. नारळ पाडायचे असोत की त्यांच्याकडचं लग्न, निरोप आला की आपली चूल विझवून आधी तिकडे पळायचं. ऊठ म्हटलं की उठायचं. मग बहुजनांच्या नावाने मतं मागून गोव्यात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं, म्हणजे मगोचं सरकार आलं. १९६४ ला मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात कूळ कायदा झाला, १९७५ ला त्यांची मुलगी मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांच्या काळात मुंडकार कायदा. (भाऊसाहेब स्वतः खाणमालक, बरं का!) गावात ३०० चौरस मीटरपर्यंत घरची जागा मुंडकाराला विकत घेता येते, ही काय बाजाराची कृपा?

हो, मुंडकारांचे दावे मामलेदाराकडे वर्षानुवर्षं पडून असतात. कुळांना मिळालेली शेतंही पडीक पडलीत, आमचं धरून. असो.

मगोचीच आरती ओवाळतोय असंही नाही. २०१२ ला पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढलाच, लिटरमागे ११ रुपये उतरले. तेव्हा हाच शहाणा टाकी फुल्ल करून मिरामारला फेऱ्या मारायचा. तो निर्णय काय आपोआप झाला? आणि २०१६ ची नोटबंदी? आजीच्या बिस्किटांच्या डब्यात मुंडकाराचा कागद असतो, त्याच्याखाली पाचशेच्या सात नोटा निघाल्या. रांगेत तिला मी नेलं. पाचव्या दिवशी पंतप्रधान गोव्यातच येऊन पन्नास दिवस मागून गेले. आजीची चिंता वेगळीच. "कागद चलता मरे अजून?" नोटांचं नव्हे, त्या कागदाचं विचारत होती.

लिहिता लिहिता राग उतरला. पोर वाईट नाही. त्याच घरावर दोन खोल्या चढवून पर्यटकांना देतो, हप्ते वेळेवर फेडतो.

परवा भाटकाराचा नातू सहज डोकावला. चांगला मुलगा, आजीच्या पाया पडायला वाकला. त्याआधीच ती खुर्चीवरून उठून उभी. पंच्याऐंशीची आहे. तो बसा बसा म्हणत राहिला, तो जाईपर्यंत बसली नाही.