आरसेप: भावाची अट आणि रिकामी खुर्ची

गावी फोन केला की भाऊ हमखास विचारतो, "आरसेपमध्ये गेलो नाही ते बरंच झालं ना?" आरसेप म्हणजे चीन, जपान, कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि आग्नेय आशियातले देश यांचा मुक्त व्यापार करार. भावाच्या गोठ्यात तीन गाई आहेत. न्यूझीलंडची दूध पावडर बिनशुल्क आली तर डेअरीचा दर पडेल ही त्याची धास्ती खरी आहे. 4 नोव्हेंबर 2019 ला बँकॉकमध्ये भारताने माघार घेतली, तेव्हा मलाही त्याच्यासाठी हायसं वाटलं होतं.

पण मी सिंगापुरात मालाची कागदपत्रं करतो, आणि इथून चित्र वेगळं दिसतं. मलेशियात जुळवलेला पंप जपानला निघाला की सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल कुठल्या देशाचा याचा दाखला, भरायचं. आरसेपखाली शुल्कसवलत मागायची, तर आत थायलंडची मोटर असो की कोरियाचं बेअरिंग, दोन्ही आपल्यातलीच धरता येतात. कोल्हापूरचं कास्टिंग मात्र परक्या रकान्यात जातं. मालात काही खोट नसते. त्याचा देश करारात नसतो, एवढंच.

आपल्याकडचा वाद "चीनला दार उघडायचं का" यावरच अडतो. वाटाघाटींचा मांडव आसियानने, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेने, घातला होता, हे त्यात येतच नाही. चीन, जपान, कोरिया, भारत, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड यांच्याशी आसियानचे वेगवेगळे करार होते, प्रत्येकाचे नियम निराळे. 2012 पासून ते एका माळेत ओवायचं काम सुरू झालं. चीन आणि जपान यांच्यात तोवर मुक्त व्यापार करारच नव्हता. तो पहिल्यांदा इथे झाला. इंडोनेशिया सोडला तर त्या मानाने लहान असलेल्या देशांनी हे जमवलं, कारण ते एकत्र बोलतात.

आपल्या शेजारात असं छप्पर नाही. साफ्टा हा दक्षिण आशियाचा मुक्त व्यापार करार 2006 पासून लागू आहे, पण तो करणाऱ्या सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची 2014 नंतर शिखर परिषदच झालेली नाही.

भावाला मी जपानचं उदाहरण दिलं. तांदूळ आणि दुग्धजन्य पदार्थ शुल्ककपातीबाहेर ठेवून जपान आरसेपमध्ये बसला आहे. इतर देशांना करार लागू झाल्यावर 18 महिने थांबणं भाग होतं. भारतासाठी दार पहिल्या दिवसापासून, 1 जानेवारी 2022 पासून, उघडं ठेवलं आहे. तो जरा थांबून म्हणाला, "दूध वगळल्याचं लेखी मिळत असेल, तर बोला म्हणावं."

हीच अट घेऊन दिल्लीने पुन्हा बोलणी सुरू करावीत, असं मला मनापासून वाटतं.