अमेरिकेतलं बायफोकल

फेब्रुवारी आला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी घरांत दोनच विषय चालतात. बर्फ आणि एपी, म्हणजे शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स.

लेक दहावीत आहे. पुढच्या वर्षीचे विषय शुक्रवारपर्यंत पोर्टलवर भरायचे होते. एपी कॅल्क्युलस, एपी केमिस्ट्री, एपी यूएस हिस्ट्री यावर वाद नव्हता, ते तिनंच ठरवलं होतं. घोडं अडलं शेवटच्या रकान्यात. तिला सिरॅमिक्स २ (मातीची भांडी घडवणं) हवं होतं आणि मला एपी एन्व्हायर्नमेंटल सायन्स.

"अगं सोपं आहे, स्कोअरिंग आहे, एक एपी वाढतो," मी म्हणाले. (हे ज्ञान हळदीकुंकवात मिळालेलं.)

बोलून गेले आणि चपापले. १९९४ साली साताऱ्यात अकरावीला बायफोकल (नेहमीच्या विषयांऐवजी घ्यायचा व्यावसायिक विषय) म्हणून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तेव्हा घरात हेच वाक्य ऐकलं होतं. २०० मार्कांचा विषय, प्रॅक्टिकलचे मार्क हातात, शिवाय बायॉलॉजी सुटतं. मला खरं तर बायॉलॉजी आवडायची. दोन वर्षं सोल्डरिंगच्या धुरात काढली, एक ओढणी जाळली, मार्क मिळाले. गोडी काही लागली नाही.

तिथे निदान मार्कांवर ॲडमिशन व्हायची, हिशोब सरळ होता. इथे आपण नुसतेच मोजत बसतो. अमक्याच्या मुलाचे बारा एपी, तमकीचे चौदा. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे कॉलेजांच्या सामायिक अर्जात, शाळेच्या काउन्सेलरला विचारतात की तुमच्याच शाळेतल्या बाकी मुलांच्या मानाने हिनं घेतलेले विषय किती अवघड होते. म्हणजे तुलना तिच्या शाळेत जे शिकवतात त्याच्याशी. पलीकडच्या गावातल्या बारा एपींचा इथे संबंधच काय? युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तर जीपीए (ग्रेडची सरासरी) काढताना अशा अवघड कोर्सचे जादा पॉइंट आठ सेमिस्टरपुरतेच धरते, म्हणजे वर्षभराचे चार कोर्स. क्रेडिटचंही, म्हणजे एपीच्या जोरावर कॉलेजचा कोर्स झाला असं धरण्याचंही, तसंच. रटगर्ससारख्या स्टेट युनिव्हर्सिटीत एपीच्या परीक्षेत पाचपैकी ४ किंवा ५ आले तर बऱ्याच विषयांत क्रेडिट मिळतं, पैसेही वाचतात. ब्राऊन आणि डार्टमथ डिग्रीसाठी ते धरतच नाहीत, फार तर वरच्या वर्गात बसवतात.

याचा अर्थ "मनाला येईल ते घे बाळा" असाही नाही. तो सल्ला देणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. इंजिनियरिंगला जायचंय, शाळेत कॅल्क्युलस आहे, आणि घेतलं नाही, तर ते दिसतंच. अवघड विषय घ्यावेत, पण ज्या दिशेनं जायचंय तिकडचे. ज्याला झाडापाण्याची, हवामानाची ओढ आहे त्यानं एन्व्हायर्नमेंटल सायन्स जरूर घ्यावं, विषय चांगलाच आहे. आमच्याकडे तो फक्त आकडा वाढवायला येणार होता.

बुधवारी जेवताना लेकीनं विचारलं, "आई, तुझे ते इलेक्ट्रॉनिक्सचे कलर कोड आठवतात अजून?"

"ब्लॅक, ब्राऊन, रेड, ऑरेंज, यलो…" एका दमात म्हणाले.

"आणि बेडकाच्या हृदयाला कप्पे किती?"

गप्प बसले. तीन असतात म्हणे, तिनंच सांगितलं.

गुरुवारी रात्री शेवटच्या रकान्यात सिरॅमिक्स २ भरलं. सबमिट दाबेपर्यंत माझं "पण…" दोनदा झालंच. आत्ता हे लिहिताना चहा तिच्या सिरॅमिक्स १ च्या मगात आहे. कान इतका बारका केलाय की त्यात एकच बोट जातं, आणि टेबलावर ठेवला की मग डुगडुगतो.