प्रत्येक प्रयत्नानंतर टोकणे योग्य नाही

विद्यार्थ्याच्या प्रत्येक प्रयत्नानंतर शिक्षकाने लगेच चूक दाखवून द्यावी, हा खेळ शिकवण्याविषयीच्या एका लेखातील सल्ला मला पटला नाही. बास्केटबॉल शिकवताना मीही अनेक वर्षे तेच करत असे. मग एके दिवशी लक्षात आले की एक मुलगी चेंडू हातातून सुटताच बास्केटच्या कड्याकडे न पाहता माझ्या चेहऱ्याकडे पाहते आहे. चेंडू कुठे आणि का चुकला, हे स्वतः ताडण्याची सवयच मी तिला लागू दिली नव्हती, आणि सरावात उत्तम खेळणारी ही मुलगी सामन्यात का गोंधळते, हे मला तेव्हा उमगले. माणूस हालचालींची कौशल्ये कशी शिकतो याचा अभ्यास करणारे विन्स्टाइन आणि श्मिट यांच्या १९९० मधील प्रयोगांतही, प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितलेल्या गटापेक्षा सरासरी निम्म्याच प्रयत्नांनंतर तो सांगितलेल्या गटाचे कौशल्य पुढे अधिक चांगले टिकल्याचे दिसले होते.

आता मी तीन-चार प्रयत्न गप्प राहून पाहतो, ‘तुला काय जाणवले?’ असे आधी विचारतो आणि मग एकच गोष्ट सांगतो; तीही ‘कोपर आत घे’ अशी अवयवाबद्दल नव्हे, तर ‘चेंडू कड्याच्या पुढच्या काठावरून अलगद आत सोड’ अशी. अगदी नवख्या मुलांना सुरुवातीला वारंवार सांगावे लागते हे खरे, आणि कोलांटउडीत मान चुकीची वळत असेल तर क्षणभरही थांबू नये. पण इजेचा धोका असलेली चूक आणि शिकण्याच्या ओघात होणारी चूक, हा भेद लेखात यायलाच हवा होता.