काच वर करून दाखवा की

बटण दाबलं की दरवाजाच्या आतून घूंऽऽ असा आवाज यायचा. म्हणजे मोटर ठणठणीत. काच मात्र तळाला जाऊन बसलेली, ती ढिम्म हलेना. मे महिन्यातली दुपार, सिंहगडाच्या अंगाने आभाळ काळवंडायला लागलेलं, आणि ड्रायव्हरच्या बाजूला काचेच्या जागी नुसती हवा.

गाडी टाटा सिएरा, 1995 ची. तीन दरवाजे, मागच्या दाराला स्टेपनी, आणि मागच्या दोन्ही बाजूंना छपराकडे वळत गेलेल्या भल्यामोठ्या काचा. त्या काचा मुळात उघडतच नाहीत, त्यामुळे या अख्ख्या गाडीत फक्त त्यांनीच मला आजवर काही त्रास दिलेला नाही. उघडणाऱ्या काचेचा राग मी गाडी बनवणाऱ्यांवर काढणार नाही. 1991 मध्ये सिएरा पुण्यातून बाहेर पडली, तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक मोटारींत लोक हँडल गरागरा फिरवून काच खाली घेत होते. हिची बटणावर जायची. तीस वर्षं वरखाली केल्यावर काच बसली, तर ती बसणारच. आपलेही गुडघे बोलतात.

तर दरवाजा उघडायचा ठरवला. आर्मरेस्टचे स्क्रू काढले. दरवाजाचा पॅड कडेकडेने उचकटला, त्यात निम्म्या क्लिपा तुटल्या, त्या नेहमीच तुटतात. आत पाणी अडवायला लावलेला प्लॅस्टिकचा कागद होता. त्याचा काळा डिंक एकदा हाताच्या केसांना लागला की केसांसकटच निघतो. आणि त्या कागदाच्या मागे, पत्र्यातल्या भोकातून डोकावलं तर काय दिसावं? काचेखाली ठोकलेली लाकडाची पाचर.

गेल्या पावसाळ्यात एका गॅरेजमध्ये हीच काच दुरुस्त करून घेतली होती. 'मशीन पूर्ण खोलून सर्व्हिस केली' असं बिलावर लिहिलेलं होतं, आणि त्याचे पैसे मी मोजले होते, तेही त्या मनुष्याचे आभार मानून. सर्व्हिस म्हणजे ही पाचर. कुठल्यातरी पलंगाच्या पायाची असावी, पॉलिशसुद्धा होतं एका बाजूला. त्याशिवाय दरवाजाच्या पोटात एक कंगवा, पार्किंगच्या पावत्यांचा लगदा आणि एक शर्टाचं बटण निघालं. ते माझं नाही. ते कुणाचं, हा विषय मी घरात काढलेला नाही.

काच वरखाली करणारं मशीन बाहेर काढायचं तर काच हाताने वर ओढून चौकटीला चिकटपट्टीने टांगून ठेवावी लागते. तशी ठेवली. पण धुळीवर आणि उन्हात कुठली चिकटपट्टी टिकायला? ती सुटायला लागली, म्हणून डाव्या हाताच्या पंजाने काच खालून रेटून धरली आणि उजवा हात कोपरापर्यंत दरवाजात घालून बोल्ट शोधू लागलो. आतल्या पत्र्याच्या कडा सुरीसारख्या लागतात. हात हलवायची सोय नाही. बायको ऑफिसात, वॉचमन जेवायला. अशा वेळी रस्त्यावरून जाणारी एक बुलेट थांबली.

"काका, सिएरा ना?"

"हो." मागे नाव लिहिलेलं आहे, पण असो. आणि माणूस तिशी उलटलेला होता, मला काका म्हणायचं त्याला काही कारण नव्हतं.

"अ‍ॅव्हरेज किती देते?"

"सध्या उभी आहे."

तो हसला नाही. गाडीभोवती एक चक्कर मारून आला. "देणार का?"

"नाही."

"नाही, म्हणजे द्यायचीच असली तर."

"नाही द्यायची."

"बरोबर आहे. अशी गाडी कोण देतं?" मग जरा थांबून, "पण किंमत काय धरताय?"

मी म्हटलं, "जरा ही काच धरता का? दोनच मिनिटं."

"हो, हो," असं म्हणून त्याने खिशातून मोबाइल काढला. "आधी मामाला दाखवतो. मामा येडा होईल."

व्हिडिओ कॉल लागला. पडद्यावर आधी पंखा दिसला, मग एक कान, मग मिशांसकट पूर्ण मामा. कराडजवळच्या कुठल्याशा गावात पडवीत बसलेले.

"आयला! शिएरा! कुणाची रं?"

"या काकांची."

"पाव्हणं, रामराम!"

दोन्ही हात गुंतलेले असताना रामराम कसा घालायचा? मी मान हलवली. काच बोटभर घसरली.

"मागची काच दाव. वळलीया का टपावर? आरं, जवळ जा की! ष्टेपनी हाय का? दार उघडतंय का मागचं? म्हणावं बॉनेट उघडा."

"काका, बॉनेट उघडता का?"

"माझे हात बघताय ना?"

"मामा, त्यांचे हात बिझी आहेत."

"काय करत्यात?"

"काच धरून उभे आहेत."

पलीकडे शांतता. मग मामांचा आवाज आला, एखाद्या अडाण्याला समजवावं तसा. "आवं पाव्हणं, हातानं कशाला धरताय? पावर इंडो हाय ती! बटण दाबा. सबंध पंचक्रोशीत तवा आमच्या एकट्याच्या गाडीला हुती. लोकं नुसती काच बघाय यायची. लगीनघरी तर वरात थांबवून दोनदा वरखाली करून दाखवल्याली. करा की जरा वर! काच वर करून दाखवा की!"

भाच्याने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. "मामा म्हणतायत, काच वर करून दाखवा."

हात मुंग्या येऊन बधिर झाला की माणसाच्या डोक्यात भलतेच विचार येतात. मला पॅकार्ड आठवली. अमेरिकेत 1940 च्या अखेरीस पॅकार्डने आपल्या महागड्या गाड्यांना बटणावरच्या काचा दिल्या, पण त्या काचा उचलायचं काम तेलाच्या दाबावर चालायचं. पुढे 1951 मध्ये क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये ते काम विजेच्या मोटरकडे आलं. एवढ्या लोकांनी एवढा विचार केला, तो कशासाठी? तर काच वर न्यायला माणसाचा हात लागू नये म्हणून. आणि सहकारनगरात एक मनुष्य काच तळहातावर पेलून उभा होता, आणि दुसरा त्याचं शूटिंग करत होता.

"बंद पडलीये हो," मी अखेर म्हणालो.

"बंद?" मामांचा चेहरा पडला. खरोखर पडला, मला तेवढ्यातही वाईट वाटलं. "आमची बी अशीच पडली बघा. मग म्या हाताचं हँडल बसवून घेतलं. फुडं त्ये बी मोडलं. मग पक्कड ठिवली गाडीत." जरा विचार करून म्हणाले, "तुमी पक्कडच ठिवा."

मग माझा नंबर घेतला गेला. मग सेल्फी झाला. "हसा की काका," असंही सांगण्यात आलं. बुलेटला किक मारता मारता त्याने आभाळाकडे पाहिलं. "पाऊस येणार बहुतेक. लवकर आवरा." काच धरायला सांगितली होती, ते दोघांपैकी एकाच्याही लक्षात नव्हतं. मला ते अजून सलतं. किंमत विचारायला वेळ, मामाला वेळ, सेल्फीला वेळ, काच धरायला तेवढा नाही. 2025 च्या नोव्हेंबरात याच नावाची नवी गाडी आल्यापासून रस्त्यात थांबून ओळख दाखवणारे फार वाढलेत. स्पॅनर घेऊन थांबणारा अजून भेटायचाय.

पुढचं थोडक्यात. वॉचमन जेवून आला, त्याने काही न विचारता काच धरली, मशीन बाहेर निघालं आणि आम्ही गाडीवर ताडपत्री टाकेपर्यंत पावसाने सीट भिजवून घेतली. मोटरचं झाकण उघडलं तेव्हा उलगडा झाला. मोटरच्या टोकाशी आटे पाडलेली सळई असते, ती एका नायलॉनच्या चक्राला फिरवते आणि तिथून पुढे काच उचलणाऱ्या दांड्या हलतात. आट्यांची गंमत अशी, की सळई चक्राला फिरवते, पण चक्र सळईला फिरवू शकत नाही. म्हणून काच स्वतःच्या वजनाने खाली येत नाही, वर असेल तिथे थांबते. आमच्या चक्राचे एका बाजूचे दात साफ गेले होते, अर्धवट खाल्लेलं मक्याचं कणीसच. पिवळट भुकटी सगळी वाळक्या ग्रीसमध्ये मिसळून बसलेली. सळई बिचारी त्या गुळगुळीत जागेवर गिरक्या घेत होती, आणि मी इकडे बटण दाबून तिचं गाणं ऐकत होतो.

नाना पेठेत पहिल्याच दुकानात गेलो. मालकाने ते चक्र चिमटीत धरून पाहिलं आणि काउंटरवर ठेवलं. "हे आता येत नाही. हाताचं बसवून घ्या."

"पण पॉवर विंडो आहे ना ती."

"हाताला काय झालंय?"

पुढच्या दुकानांतही 'हाताचं बसवा' हेच ऐकलं, फक्त उद्धटपणा कमी-जास्त. शेवटी रविवारच्या जुन्या बाजारात एका गोणपाटावर, इस्त्री आणि टेलिफोनच्या मधोमध, कुठल्याशा दुसऱ्याच गाडीची मोटर मिळाली. बोल्टाची दोन भोकं जुळली, तिसरं वेल्डरने पाडून दिलं. काच आता वर जाते. वायरी उलट जोडाव्या लागल्यामुळे बटण वर दाबलं की खाली येते आणि खाली दाबलं की वर जाते. चालतं.

चालत नाही ते वेगळंच आहे. 15 वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण, मग दर 5 वर्षांनी पुन्हा. मोटारीची ही फी 2022 मध्ये 600 रुपयांवरून 5000 झाली, आणि 2025 च्या ऑगस्टपासून 20 वर्षांपुढच्या गाडीला 10,000. त्याशिवाय पर्यावरण कर. याउलट 2021 च्या नियमांत विंटेज गाड्यांची वेगळी सोय केलेली आहे, खास नंबरप्लेटसकट, पण गाडी पन्नाशीच्या पुढची पाहिजे. माझी तिशीतली. म्हणजे आणखी वीस वर्षं ती भंगार, आणि मग एका सकाळी अचानक वारसा. धूर तपासा, ब्रेक तपासा, माझी काही हरकत नाही. पण एवढे पैसे घेता तर त्यातले थोडे घालून गाडीबरोबर तिचे सुटे भागही जिवंत ठेवायची काही व्यवस्था करा. नायलॉनचं एक चक्र, बोटाएवढं. त्याच्यासाठी अख्खा दरवाजा निकामी.

परवा रात्री जेवताना फोन आला. मामा.

"पाव्हणं, झाली का काच?"

"झाली."

"झ्याक. मग ती जुनी मोटार टाकू नका. मला द्या."

"अहो, तिचं चक्र गेलंय. नुसती फिरते, काच उचलत नाही."

"चालंल की. नुसता आवाज आला तरी बास."

"तुमची गाडी आहे अजून?"

"हाय की. गोठ्यात उभी हाय. इंजिन काढून विहिरीवर बसवलं, त्येला झाली धा-बारा वर्सं. पर दारं चांगली हायत."

किती द्यायचे, असं त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. जरा चढाच सांगितला. त्या दुपारी काच धरून उभा राहिलो त्याची मजुरी त्यात धरली आहे, आणि सेल्फीची वेगळी.