‘लोकसहभाग ही थाप होती’ या प्रतिक्रियेला जरा लांबलचक उत्तर

नमस्कार भाऊ,

रात्रीच्या साक्षरता वर्गांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगलंच खडसावलं. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो: 1940-50 च्या काळातल्या प्रौढ शिक्षणाचं मी उगाच कौतुक केलं, लोकसहभाग वगैरे सगळी थाप होती, पैसा सरकारचा नाहीतर मिलवाल्यांचा नाहीतर मिशनचा, गावानं जे दिलं ते तहसीलदाराच्या धाकानं दिलं, तुमच्या आजोबांना काटोलकडे शाळामास्तर म्हणून रात्रीचे वर्ग फुकटात घ्यावे लागले, आणि एवढं करून 1961 च्या जनगणनेत देशाची साक्षरता 28 टक्क्यांवरच. प्रतिक्रियेच्या चौकटीत एवढं उत्तर मावत नाही म्हणून वेगळंच लिहून राहिलो.

आधी जनगणनेचं उरकून टाकू. 1951 ला 18.33 टक्के, 1961 ला 28.3, आकडे बरोबर आहेत. पण हे पाच वर्षांवरच्या सगळ्यांचे आकडे आहेत, त्यात शाळेत जाणारी पोरंपोरीही आली. त्या दहा वर्षांत गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या, वाढीचा मोठा वाटा त्यांचाच असणार. म्हणजे या आकड्यावरून प्रौढांचे वर्ग यशस्वी झाले असं मलाही म्हणता येत नाही आणि वाया गेले असं तुम्हालाही म्हणता येत नाही. तो पुरावा दोघांच्याही कामाचा नाही, सोडून देऊ.

आता पैसा. मिलचा पैसा होता हे मी कधी नाकारलं? नागपूरची एम्प्रेस मिल 1877 ची, टाटांची, आणि 1920 च्या दशकात मिलनं कामगारवस्त्यांमधलं कल्याणकाम वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेकडे सोपवलं होतं. म्हणजे तुमचा मिलवाला आणि तुमचा मिशनवाला एकाच कंदिलाखाली! माझ्या आजोबांचे चुलतभाऊ त्याच मिलमध्ये विणाईखात्यात होते, पाळी सुटली की वस्तीतल्या वर्गात जाऊन बसायचे. काहून जायचे तर पगाराच्या चिठ्ठीवर दंड किती कापला हे स्वतः वाचता यावं म्हणून. मालकाच्या पैशानं शिकून मालकाचाच हिशेब तपासायला बसले की नाही? आता त्याला तुम्ही मालकाचं शिक्षण म्हणा नाहीतर कामगाराचं, त्यांना त्याचं काही पडलेलं नव्हतं. त्यांची तक्रार वेगळीच होती आणि ती मी मागच्या लेखात नीट मांडायची राहिली म्हणून तुम्हाला ते कौतुक वाटलं असेल. ते म्हणायचे, पहिलं पुस्तक संपलं, दुसरं कुठाय? दुसरं नव्हतंच. मास्तर परत ‘क’ पासून सुरू करायचे कारण तोवर नवीन लोक येऊन बसलेले.

माझं म्हणणं भाऊ, तिथून सुरू होतं. पैसा कोणाचा हा प्रश्न आहेच, पण तो कुठपर्यंत पुरणार होता हा त्याहून मोठा, आणि त्याकडे तुम्ही बघितलंच नाही.

रात्रीच्या वर्गाला खर्च तो काय होता? जागा फुकट, देऊळ नाहीतर चावडी नाहीतर कोणाची तरी ओसरी. पाट्या एकदाच घ्यायच्या. मास्तरचं मानधन असलं तर असलं. रोज लागायचं ते रॉकेल. शाळा दिवसा भरते, तिला तेल लागत नाही, त्यामुळे शाळेच्या हिशेबात वाढलेल्या साहेबाला हा खर्च सुचतच नाही. त्यात युद्ध आलं, 1942 मध्ये ब्रह्मदेश जपाननं घेतला आणि आपल्याकडे रॉकेल बरंचसं तिथूनच यायचं. दुकानात तेल नाही तर कंदील कशावर लावणार, आणि ज्या घरात दिव्याला तेल पुरत नाही ते घर वर्गाला तेल देतं तेव्हा त्याला लोकसहभाग नाही तर काय म्हणायचं? धाक असेल कुठेकुठे, मान्य, पाटलानं सांगितलं आणि दिलं असंही झालं असेल. पण तहसीलदाराच्या धाकानं लोक एकदा वर्गणी देतात, रोज संध्याकाळी वाटीभर तेल देत नाहीत.

नागपूरजवळच्या कामठीचं उदाहरण तर तुमच्या तिन्ही खान्यांत बसत नाही. दलित चळवळीतले कार्यकर्ते बाबू हरदास एल. एन. यांनी 1927 पासून तिथे रात्रशाळा चालवल्या, सरकारी साक्षरता मोहिमा यायच्या दहा वर्षं आधी. वस्ती दलितांची, बरेचजण बिडीकामगार. बिडीची मजुरी हजारावर, आणि ठेकेदार हातात घेऊन म्हणणार ही खराब, ही खराब, आणि छाटलेल्या बाजूला काढून ठेवणार. हजार मोजून दिले आणि पैसे आठशेचे मिळाले तर भांडायला आधी हिशेब यायला पाहिजे नं. हरदासांनी पुढे बिडी मजुरांचा संघही काढला तो उगाच नाही. आणि रात्रशाळेसोबत त्यांनी संत चोखामेळ्याच्या नावानं वाचनालयही काढलं होतं. हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. वर्ग आणि वाचनालय दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यात होतं, पुढे सरकारात ही दोन वेगवेगळ्या खात्यांची कामं झाली. 1939 च्या जानेवारीत ते गेले, पस्तिशीतच. मिल नाही, मिशन नाही, सरकारही नाही, सांगा कोणत्या खान्यात टाकता.

सरकारी पैशाबद्दल मात्र मी तुमच्यापेक्षा जास्त कडक आहे बघा. 1937 ला प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळं आली, साक्षरतेची लाट आली, बिहारमध्ये शिक्षणमंत्री सय्यद महमूद, मुंबईत सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेर, मुंबई शहरासाठी 1939 मध्ये वेगळी समितीसुद्धा झाली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मंत्र्याच्या उत्साहावर चाललेलं काम मंत्र्यासोबतच घरी जातं. आपल्याकडे, म्हणजे मध्यप्रांत-वऱ्हाडात, मंत्री रविशंकर शुक्लांनी विद्यामंदिर योजना काढली होती ती पैशाच्या दृष्टीनं मला आजही हुशारीची वाटते. लहान मुलांच्या शाळांची होती, प्रौढांची नाही, पण कल्पना बघा: गावातून शाळेला जमीन दान घ्यायची आणि जमिनीच्या उत्पन्नातून मास्तरचा पगार काढायचा, म्हणजे खजिन्याकडे हात पसरायला नको. मास्तर तयार करायला 1938 मध्ये वर्ध्याला ट्रेनिंग स्कूलही निघालं. पण दान येतं ते मालगुजाराकडून, म्हणजे गावच्या जमीनदाराकडून, आणि दानात चांगलं काळं वावर कोण देतो हो? शिवाय पाऊस नाही आला तर मास्तर काय खाणार? योजनेवर राजकीय वादळही उठलं, मुस्लिम लीगनं जोरदार विरोध केला, तो वेगळा विषय, त्यात आत्ता शिरत नाही.

स्वातंत्र्यानंतर 2 ऑक्टोबर 1952 ला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि विकास गटागटात समाजशिक्षण (प्रौढ शिक्षणाचं तेव्हाचं सरकारी नाव) संघटक आले, पुरुष एक, बाई एक. कागदावर एकदम मस्त. पैसा बघा मात्र. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत शिक्षणाला 307 कोटी, त्यात समाजशिक्षणाला 5 कोटी, आणि विकास गटांच्या तरतुदीतून आणखी साधारण 10 कोटी. आणि संघटकानं करायचं काय तर साक्षरता वर्ग, भजनीमंडळ, युवक मंडळ, महिला मंडळ, रेडिओ, खेळ, सिनेमाची गाडी आली की पडदा बांधायचा. विकास गटात विहिरी खोदून राहिले, रस्ते होऊन राहिले, साहेब तपासणीला आला की विहीर दाखवता येते. वाचायला शिकलेला माणूस कसा दाखवणार? रजिस्टरवरची सही दाखवणार. मग सगळी धाव सहीपर्यंतच.

याचं टोक म्हणजे ग्रामशिक्षण मोहीम. 1959 ला साताऱ्यात सुरू झाली, 1961 पासून महाराष्ट्रभर. आपण 1956 पर्यंत मध्यप्रदेशात, मग द्विभाषिक मुंबई राज्यात, मग 1960 ला महाराष्ट्रात, त्यामुळे विदर्भात ती उशिरा पोचली. अख्ख्या गावानं शपथ घ्यायची, शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना शिकवायचं, मानधन नाही, गाव साक्षर झालं की वाजतगाजत ग्रामगौरव समारंभ. पुढे 1972 मध्ये युनेस्कोचं साक्षरतेच्या कामासाठीचं क्रुप्स्काया पारितोषिकही मिळालं. खर्च इतका कमी की कोणालाही हेवा वाटावा, आणि स्वस्त होती म्हणूनच पुढे घोळ झाला असं मला वाटतं. समारंभ झाला, फोटो निघाला, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी वाचायला काय? ज्या घरात छापील कागद म्हणजे पंचांग आणि वाण्याची पुडी, तिथे अक्षरं वर्षभरात पुसणारच.

केंद्र सरकार नवसाक्षरांसाठीच्या पुस्तकांना बक्षिसं देत होतं, नाही असं नाही. पण पुस्तक छापणं वेगळं आणि ते सावनेरच्या पुढल्या वस्तीत पोचणं वेगळं. आपल्या भागात खेड्यातल्या माणसाच्या हातात खरोखर पोचलेलं काही असेल तर ती तुकडोजी महाराजांची ग्रामगीता, 1955 ची. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, ओवी आधीच कानावरून गेलेली, त्यामुळे अक्षर अडलं तरी जीभ पुढे जाते. नवशिक्याला याच्यापेक्षा सोपं वाचन कोणतं? त्याला कोणत्या योजनेचं अनुदान नव्हतं. भजन होतं म्हणून दिवा लागत होता आणि दिवा लागला होता म्हणून दोघं जण वाचत बसत होते. माझ्या मते इथं पैशाचा प्रश्न जितका नीट सुटला तितका कुठल्याच खात्यात सुटला नाही, आणि तुम्ही म्हणता त्या धाकाशिवाय सुटला.

राहिलं तुमच्या आजोबांचं. दिवसभर चार वर्ग एकत्र सांभाळायचे आणि रात्री परत कंदील घेऊन बसायचं, वर मानधन नाही, याला मीही वेठच म्हणेन. लोकसहभागाच्या नावाखाली सगळ्यात जास्त कोणाच्या खिशातून गेलं असेल तर प्राथमिक शिक्षकाच्या. या मुद्द्यावर आपलं भांडण नाहीच. तुम्ही लिहिलं की त्यांची हजेरीची वही अजून घरी आहे. ती असेल तर एक बघून सांगा: पहिल्या तुकडीतली नावं दुसऱ्या वर्षीच्या पानांवर परत दिसतात का? दिसत असतील तर ते लोक पुढचं शिकायला आले होते की विसरले म्हणून परत ‘क’ पासून बसले होते, हे आजोबांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं असू शकतं. पानांचे फोटो पाठवता आले तर पाठवा, नावं झाकून टाकेन.